पहिलं बोन्साय जगवायचंय? या चुका टाळा

"अगं, रोज सकाळी न चुकता ग्लासभर पाणी घालते, तरी पानं का गळतायत?" असं म्हणत शेजारच्या काकूंनी त्यांचं बोन्साय आमच्या बाल्कनीत आणून ठेवलं, तेव्हा त्यावर जेमतेम अकरा पानं उरली होती. फायकसचं, म्हणजे वडाच्या कुळातलं झाड. खाली रताळ्यासारखी फुगलेली मुळं, वर छत्रीसारखा छाटलेला शेंडा. लेकीने वाढदिवसाला दिलेलं, म्हणून काकूंचा जीव त्यात अडकलेला.

मी कुंडी आडवी धरून झाड हलकेच बाहेर काढलं. कुंडीच्या आकाराचा काळा, चिकट गोळाच हातात आला, त्याला गटारासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोजा निघावा तशी निघाली आणि आत नुसता दोरा राहिला. मुळं कुजली की अशीच होतात. ज्या झाडाची काकू रोज तहान भागवत होत्या, ते पाण्यात बुडून मरत होतं.

गेली कित्येक वर्षं मी पुण्यात बाल्कनीत बोन्साय वाढवते. ओळखीपाळखीच्या लोकांची आजारी झाडं माझ्याकडे येतात, आणि दर वेळी मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते: पहिल्या वर्षी झाडाला आकार देण्याच्या मागे लागू नका. ते एक वर्ष फक्त झाड जगवायला शिका. बाकीच्या बहुतेक चुका आपल्या घाईतून होतात.

घड्याळ बघून पाणी घालणं

"रोज किती पाणी घालू?" हा प्रश्नच सोडून द्या. उथळ कुंडीतली माती मे महिन्यात दिवसातून दोनदा वाळते, जुलैत आठवडाभर ओली राहते आणि डिसेंबरात दोन-तीन दिवसांनी पाणी मागते. त्याला वेळापत्रक लागू पडत नाही. जपानमध्ये बोन्साय करणारे म्हणतात की पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मी जळून संपलेल्या उदबत्तीची काडी वापरते. काडी दोन सेंटिमीटर खोल खोचायची, पाच मिनिटांनी काढायची. खालचं टोक काळपट आणि ओलसर दिसलं, माती चिकटून आली, तर पाणी नको. टोक जवळपास कोरडं असेल तर घाला. महिनाभर हे केलंत की कुंडी उचलल्यावर वजनावरूनच अंदाज येऊ लागतो.

आणि घालाल तेव्हा ग्लासभर घालून थांबू नका. खालच्या छिद्रातून धार लागेपर्यंत घाला, मिनिटभर थांबा, पुन्हा एकदा घाला. थोडं थोडं पाणी वरवरची माती भिजवतं आणि मधली कोरडी ठेवतं. माती फारच वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल, तर वरून घातलेलं पाणी कडेकडेने निसटून जातं. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात ठेवा आणि बुडबुडे थांबले की बाहेर काढा.

गोंधळ होतो तो इथे. पाणी कमी पडलं तरी झाड मलूल दिसतं आणि जास्त झालं तरीही, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग माणूस मलूल झाड बघून आणखी पाणी घालतो. म्हणून पानाआधी माती बघा. माती कोरडी आणि पानं कुरकुरीत, तर तहान. माती ओली आणि पानं पिवळी, मऊ होऊन गळतायत, तर मुळांचा घात चालू आहे.

पावसाळ्यात कुंडी उघड्यावर असेल, तर एका बाजूखाली फरशीचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवा. उथळ, सपाट कुंडीत छिद्र असूनही तळाशी पाण्याचा थर साचून राहतो. तिरकी केली की तो थर कमी होतो. एवढ्याशा गोष्टीने माझी दोन झाडं एका सततधारेच्या जुलैत वाचली आहेत.

टीव्हीशेजारची जागा

बोन्साय शोभेची वस्तू म्हणून विकलं जातं, म्हणून ते दिवाणखान्यात जातं. पण ते लहान ठेवलेलं मोठं झाडच आहे. वड, पिंपळ, उंबर ही फायकसचीच भावंडं; ती उन्हात वाढणारी आहेत. दिवसाला चार-पाच तास ऊन, शक्यतो सकाळचं, हवंच. पूर्वेची बाल्कनी मिळाली तर सोन्याहून पिवळं. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आत आणा, पुन्हा बाहेर ठेवा.

मात्र आतलं झाड एकदम भर उन्हात नेलं तर पानं करपतात. पंधरा दिवसांत हळूहळू सवय लावा. जागा बदलली की फायकस काही पानं टाकतं. तो रोग नव्हे. घाबरून पुन्हा जागा बदललीत तर ते पुन्हा पानं टाकेल. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली द्या, कारण मूठभर मातीची उथळ कुंडी तापली की मुळंच भाजतात.

एक सांगून ठेवते: पहिलं झाड म्हणून जुनिपर घेऊ नका. फोटोत ते फार देखणं दिसतं, पण ते थंड हवेचं झाड आहे आणि मुळं मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं. चूक कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आपल्याकडे फायकस, जेड किंवा बोगनवेल घ्या. ही झाडं चुका पोटात घालतात. जेडच्या पानांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे त्याला माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यायचं.

विकत आणलेल्या कुंडीवर विश्वास ठेवणं

काकूंच्या कुंडीत मातीवर पांढरे खडे होते, तेही गोंदाने चिकटवलेले. वाहतुकीत सांडू नयेत म्हणून करतात, पण त्यामुळे पाणी नीट मुरत नाही, हवाही जात नाही. असे खडे दिसले तर आधी उचकटून काढा. मग कुंडी उलटी करून छिद्र आहे का ते बघा. नसेल, तर त्या कुंडीत झाड ठेवायचंच नाही.

बागेतली काळी माती बोन्सायला चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की दगड होते, आणि दोन्ही वेळा मुळांना हवा मिळत नाही. जपानी लोक अकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. ती इथे महाग पडते आणि सुरुवातीला तिची गरजही नाही. विटांचा चुरा करा आणि चाळा: मोहरीपेक्षा मोठे, हरभऱ्यापेक्षा लहान दाणे ठेवा, खालची भुकटी टाकून द्या. असे दोन भाग दाणे, एक भाग जाड रेती आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत, एवढ्यावर माझी बहुतेक झाडं उभी आहेत. पाणी ओतल्यावर ते वर तळं करून न राहता लगेच खाली उतरलं पाहिजे, हीच या मिश्रणाची परीक्षा.

मुळं कापायला लोक फार घाबरतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. 1625 पासून ते कुंडीत वाढवलं जातंय. 6 ऑगस्ट 1945 ला ते हिरोशिमात होतं आणि तरीही वाचलं. इतकी वर्षं झाड कुंडीत टिकतं ते अधूनमधून मुळं छाटून ताजी माती दिल्यामुळेच. आपल्याकडे फायकसची कुंडी बदलायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. निरोगी झाडाची साधारण एक तृतीयांश मुळं कापायला हरकत नाही. नंतर दोन-तीन आठवडे सावली, आणि महिनाभर खत अजिबात नाही. आजारी झाडाला खत देणं म्हणजे तापात पंचपक्वान्न वाढणं.

तार आणि कात्रीची घाई

भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं काडीएवढं रोप आणून लगेच ट्रेसारख्या कुंडीत लावलंत, तर दहा वर्षांनीही ते काडीच राहील. खोड जाड होतं ते मोकळ्या वाढीने. आधी मोठ्या कुंडीत दोन-चार वर्षं वाढू द्या, मग उथळ कुंडीत आणा.

तार तर मी पहिल्या वर्षी नकोच म्हणते. तरी बांधलीत, तर ॲल्युमिनिअमची घ्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. त्या दिवसांत फांद्या इतक्या झपाट्याने जाड होतात की महिन्याभरात तार सालीत रुतते, आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. काढताना उलगडू नका, तुकडे करून कापा. छाटणीचं म्हणाल, तर फांदीला सहा-आठ नवी पानं येऊ द्या, मग दोन-तीन ठेवून कापा. कापल्यावर येणारा पांढरा चीक हाताला, डोळ्याला लागू देऊ नका.

किडीबद्दल थोडक्यात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या कापसाने पुसून काढा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

मेलं म्हणून टाकून देणं

पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही. खोडाची साल नखाने जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर आणखी खाली, मुळाकडे खरवडून बघा.

काकूंच्या झाडाला खाली हिरवं होतं. सगळी काळी मुळं कापली, तेव्हा मूठभर पांढरी उरली. विटांच्या चुऱ्यात लावलं, वरून पारदर्शक पिशवी घातली आणि उजेड असलेल्या सावलीत ठेवलं. पाच आठवडे काहीच झालं नाही. काकू रोज येऊन बघून जायच्या. सहाव्या आठवड्यात खोडावर हिरवे टोकदार कोंब दिसले. हे झाड कलमी आहे: खालच्या जाड मुळांच्या झाडावर वर लहान पानांच्या फायकसचं कलम बांधलेलं. त्यातला एक कोंब कलमाच्या सांध्याखालून आलाय आणि त्याची पानं वरच्यापेक्षा मोठी आहेत. एरवी असे फुटवे मी लगेच खुडते, नाहीतर ते वरच्या कलमाचं बळ खातात. पण मुळं भरून यायला आत्ता एकेक पान कामाचं आहे, म्हणून काकूंना सांगितलंय, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला हात लावू नका.