गप्प बसलात म्हणजे 'हो' म्हणालात

गिट येतं, पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घ्या अशी विनंती) टाकता येते, हे धरून चालते. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांत, मतभेद कसा मांडायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते शिकायला माझी एक दिवाळी खर्ची पडली.

मी ज्या प्रकल्पात होते (नाव राहू दे) तिथे एक प्रस्ताव आला: लांबलचक मजकूर अक्षरं मोजत बसण्यापेक्षा थेट २५६ बाइटवर तोडायचा, वेग वाढेल. इंग्रजीला काहीच फरक पडत नाही. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. २५६ ला ३ ने भागून बघा. ८५ चिन्हं नीट बसतात आणि ८६ व्याचा एक बाइट लोंबकळत राहतो. पडद्यावर शेवटी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह. मला हे पहिल्याच वाचनात दिसलं होतं. मी काय केलं? मेंटॉरना खासगीत मेसेज टाकला: 'सर, मला जरा वेगळं वाटतंय, चुकत असेन तर सांगा.' सर म्हणाले, 'बरोबर आहे तुझं, बघू.' मी निर्धास्त होऊन लक्ष्मीपूजनाला जळगावला गेले.

परत आले तर प्रस्ताव मंजूर, कोड मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामीलही.

इथेच नवखे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. बऱ्याच प्रकल्पांत 'लेझी कन्सेन्सस' चालतो. प्रस्ताव मांडायचा, थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर पुढे जायचं. अपाची या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत ही मुदत साधारण ७२ तास धरतात. मौनं संमतिलक्षणम् हे आपल्याकडे सुभाषित आहे, तिथे तो कामकाजाचा नियम आहे. खासगी मेसेज, कॉलवरचं बोलणं, मेंटॉरची मान डोलावणी, यातलं काहीच मोजलं जात नाही. 'मेलिंग लिस्टवर झालं नाही म्हणजे झालंच नाही' असं अपाचीवाले म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. आपल्याला शाळेपासून मोठ्यांसमोर गप्प बसायची सवय. तुमचं ते गप्प बसणं आदराचं आहे हे पलीकडच्याला कळायचं कसं? त्याच्या लेखी तुम्ही 'हो' म्हणालात. पुन्हा सांगते: हरकत उघड्यावर घ्या आणि मुदतीत घ्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत घेतली तरी चालते.

मग मी दुसरी चूक केली. तीन आठवड्यांनी रागारागात लिहिलं, 'तुम्हाला भारतीय भाषांची किंमतच नाही.' चर्चा बंद करण्यात आली. तेव्हा वाटलं, ही माणसं विरोध सहन करत नाहीत. थोडं खरंही होतं, पण मी त्यांच्या हातात तपासण्यासारखं काही दिलंच नव्हतं. अपाचीत कोडवर कमिटरने (थेट कोड बदलायचा अधिकार असलेल्याने) दिलेलं 'उणे एक' म्हणजे थेट नकाराधिकार, पण सोबत तांत्रिक कारण नसेल तर तेही बाद. कमिटरची ही गत, तर नवख्याच्या रागाला कोण विचारणार? नवख्याचं मत बंधनकारक नसतं. त्याच्याकडे असतं ते फक्त कारण. पुढे मी एक टेस्ट (कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिली, मराठी ओळ टाकून ती फेल होताना दाखवली. दोन दिवसांत दुरुस्ती झाली: तोडायचं, पण चिन्हाच्या हद्दीवर. वेगही फारसा गेला नाही.

घाबरू मात्र नका. मतभेदांनी प्रकल्प लगेच मोडत नाहीत. २०१४ मध्ये सिस्टमडी या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रणालीवरून डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत ४-४ अशी फूट पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. ज्यांना तो पटलाच नाही त्यांनी देवुआन हा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) काढला, डेबियनही चालूच राहिलं. जीसीसी या कंपायलरच्या कामावर नाराज मंडळींनी १९९७ मध्ये ईजीसीएस हा त्याचा फोर्क सुरू केला आणि १९९९ मध्ये तेच अधिकृत जीसीसी ठरलं! पण दमछाक होते, हेही खरं. पायथन भाषेत पीईपी ५७२ वरून (पीईपी म्हणजे भाषेत बदल सुचवणारा लेखी प्रस्ताव) इतकं रण माजलं की प्रस्ताव मंजूर केल्यावर २०१८ मध्ये खुद्द पायथनचे जनक खीडो फान रोसुम यांनीच अंतिम निर्णयाचं पद सोडलं. तो पीईपी जरूर उघडा. त्यात नाकारलेल्या पर्यायांचा लांबच लांब भाग आहे. तुमची भन्नाट कल्पना कुणीतरी आधीच मांडलेली आणि पडलेली असते. विरोधाआधी असे भाग वाचले तर निम्मी भांडणं वाचतात.

मेंटॉरबद्दल माझं मत कडवट आहे, पटलं तर घ्या. खासगीत 'बरोबर आहे तुझं' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे सगळ्यांसमोर लिही' असं दटावणारा बरा. आणि पुल रिक्वेस्ट मोजून बक्षीस देणाऱ्या उपक्रमांतल्या टी-शर्टसाठी रीडमीमधले (प्रकल्पाच्या माहितीपानातले) स्वल्पविराम बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टी टाकू नका. त्या ढिगाऱ्याने वैतागलेला, प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर तुमची खरी हरकतही त्याच नजरेने वाचतो.

हल्ली दिवाळीला लॅपटॉप सोबत नेते. आई म्हणते, 'अगं, चार दिवस तरी बंद ठेव ते.' चार दिवस म्हणजे ९६ तास.