मोबाइलच्या मदतीने हृदयाची काळजी: सोलापूरच्या बचत गटांसाठी

सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रीचा दिवस मांडीवर सूप घेऊन एका जागी बसण्यात जातो. तंबाखूची धूळ श्वासावाटे आत जात राहते, आणि आपला रक्तदाब वाढलेला आहे हे अनेकींना फार उशिरा कळते. म्हणून मोबाइलवरील आरोग्य उपक्रमाची सुरुवात पावले मोजण्यापासून न करता रक्तदाबाच्या नोंदीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

मनगटावरचे नव्हे, दंडाला पट्टा बांधायचे मशीन घ्यावे. एकटीला परवडत नसेल तर गटाने मिळून घ्यावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा किंवा मिसरी नको. लघवीला जाऊन यावे, खुर्चीला पाठ टेकवून पाच मिनिटे न बोलता बसावे, पाय जमिनीवर सरळ ठेवावेत आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवावा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंड आवळते आणि आकडा चुकतो, म्हणून त्या वेळी सैल बाहीचे कपडे घालावेत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, असे सात दिवस मोजावे. पहिला दिवस सोडून उरलेल्या आकड्यांची सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक आली, तर डॉक्टरांना दाखवावे.

यासाठी वेगळे अ‍ॅप लागतेच असे नाही. मशीनवरील आकड्याचा फोटो पुरतो. मात्र तो सर्वांच्या गटात न टाकता, उत्तर देण्याची जबाबदारी घेतलेल्या आशाताईंना किंवा परिचारिकेलाच पाठवावा. उत्तर देणारे माणूस नसेल तर नोंदी आठवडाभरात थांबतात. घरात एकच फोन असेल, तर तो घरी असण्याच्या वेळेचाच गजर लावावा. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, त्यामुळे तिथे लिखित संदेशापेक्षा तेलुगूतील आवाजी संदेश अधिक उपयोगी पडतो.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून डॉक्टरांशी मोफत बोलताना या नोंदी समोर ठेवाव्यात. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीच्या आत कायमची थांबली का, हे न विचारताही सांगावे, कारण या गोष्टींमुळे पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. आकडे सुधारले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आठवड्याच्या संदेशात एकच ठोस गोष्ट असावी. उदाहरणार्थ, दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि शेंगाचटणी, पापड व लोणच्यातले मीठही त्यातच धरायचे. मिसरी सोडायची असेल तर 1800-11-2356 हा मोफत क्रमांक पाठवावा.

छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणे, अचानक धाप लागणे, मळमळ, थंड घाम यांपैकी काही जाणवले, तर त्याला पित्त समजून घरात बसू नये आणि संदेश पाठवून उत्तराची वाटही पाहू नये. तडक 108 ला फोन करावा.