टेबलावरची ट्राम अडखळते आहे? आधी तेलाची बाटली लांब ठेवा

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. त्यामुळे आमच्या नशिबी टेबलावरचीच ट्राम: १:८७ मापाची, १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर १२ व्होल्टने पळणारी. ती अडखळू लागली की हात आपसूक तेलाकडे जातो. तो आवरा.

आधी दोष विजेचा की यंत्राचा, ते ठरवा. ट्राम उलटी करून फोमवर ठेवा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा. डिजिटल डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे संकेत वाचून मोटर चालवणारी चकती, असेल तर तो सोडवून वायरी थेट मोटरला लावा. चाकं एकसारखी फिरली तर गाडी उघडू नका, रूळ आणि चाकांच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोटर फिरते पण चाकं ढिम्म, म्हणजे गिअरची पकड सुटली आहे. मोटर नुसतीच गुणगुणते, म्हणजे काहीतरी अडकलंय. अशा वेळी वायरी लगेच काढा, अडकलेली मोटर बघता बघता तापते.

अडकलेलं बहुधा काय असतं? केस. माझ्या गाडीच्या आसावर एकदा लांब केस आणि सतरंजीचे तंतू इतके घट्ट गुंडाळले गेले होते, की मला तो काळा वॉशरच वाटला. चिमट्याने ओढून उपयोग नाही. सुईने एक टोक सोडवा आणि चाक उलटं फिरवत उलगडा.

ठरावीक अंतराने ‘टक्’ होऊन गाडी लंगडत असेल, तर चाकावर मार्करचा ठिपका द्या आणि मोजा. प्रत्येक फेरीला एकच टक् येत असेल तर संशय आसावरच्या प्लॅस्टिक गिअरवर. धातूच्या आसावर दाबून बसवलेलं प्लॅस्टिक वर्षांनुवर्षांच्या ताणाने चिरतं. भिंग घेऊन दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पाहा, केसाएवढी रेघ दिसेल. तेवढ्याने दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि वर्म, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर, तिथेच अडतो. गोंद लावायचा मोह होतो, मीही लावला होता. पण हे प्लॅस्टिक बरेचदा गुळगुळीत अ‍ॅसिटलचं असतं, त्यावर गोंद धरत नाही. दाते आणि आसाची जाडी मोजून नवा गिअर मागवा.

गाडी एकाच जागी रुळावरून घसरत असेल तर दोष रुळाचा. कुठेही घसरत असेल तर जोडीच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. ते सुमारे १४.४ मिमी हवं. कमी-जास्त असेल तर चाक हलकेच पिळत सरकवा. सरळ ओढलंत तर वाकडं बसेल.

आता तेल. प्लॅस्टिकला न खाणारं पातळ तेल, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, फक्त आस जिथे टेकतो तिथे. घरातलं खोबरेल नकोच, थंडीत ते गोठतं. मोटरला आतून वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशपाशी तेल गेलं तर कार्बनच्या भुकटीशी मिसळून चिखल होतो.

वरचं कवच बसवण्याआधी दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा. मग स्क्रू बेताने आवळा. करकचून आवळले तर खालची चौकट वाकते आणि मघाशी मोकळी फिरणारी चाकं पुन्हा जड होतात.