राजीनामा सर्वांत शेवटी: चांगल्या पगाराची नोकरी सोडून वैमानिक व्हावे का, हे कसे ठरवावे

हिंजवडीत किंवा बंगळुरूत महिन्याला दोन लाख रुपये हातात पडणाऱ्या तिशीतल्या माणसाने वैमानिक व्हायचा विचार बोलून दाखवला, की घरात दोन तट पडतात. मित्र म्हणतात, मनासारखे कर. आईवडील विचारतात, चांगले चालले आहे ते बघवत नाही का? दोन्ही बाजू ज्या प्रश्नावर भांडतात तो, म्हणजे नोकरी सोडावी की नाही, आज सोडवायचाच नसतो. त्याच्या आधी आठ-दहा लहान प्रश्न उभे असतात. त्यांतले बरेचसे नोकरीत राहून, सुटीच्या दिवशी आणि काही हजार रुपयांत निकाली निघतात आणि त्यांपैकी एखाद्याचे उत्तर जरी ठाम नकारार्थी आले, तरी मोठा प्रश्न आपोआप मिटतो. म्हणून जी शंका सर्वांत कमी खर्चात फिटते ती आधी फेडावी आणि राजीनामा, जो एकदा दिला की सहसा मागे घेता येत नाही, तो सर्वांत शेवटी ठेवावा.

पहिली शंका शरीराची आहे. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. या परवान्यासाठी वर्ग एकची वैद्यकीय पात्रता लागते आणि तिथवर पोहोचण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून वर्ग दोनची तपासणी करून घ्यावी लागते. अठराव्या वर्षी ही तपासणी बहुतेकांना किरकोळ वाटते. दहा वर्षे खुर्चीत बसून काम केलेल्या तेहतीस वर्षांच्या माणसाला मात्र रक्तदाब, साखर, वजन, हृदयालेख (ईसीजी), श्रवणशक्ती आणि डोळे या सर्वांचा हिशेब एकदम द्यावा लागतो. चष्मा असणे हा अडथळा नाही, ठरलेल्या मर्यादेत तो चालतो; रंग ओळखण्यातला दोष मात्र अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा इथेच कळतो. 'तात्पुरते अपात्र' असा शेरा मिळणेही नवलाचे नाही. वजन किंवा रक्तदाब आटोक्यात आणून पुन्हा तपासणीला जाता येते, पण ते चार-सहा महिने पगार चालू असताना जाणे आणि घरी बसून जाणे यांत फार फरक आहे. जुना आजार किंवा शस्त्रक्रिया लपवू नये, कारण ही तपासणी एकदाच होत नाही. संपूर्ण कारकीर्दभर ती पुन्हा पुन्हा होत राहते आणि प्रत्येक वेळी नोकरी तिच्यावर टांगलेली असते.

दुसरी शंका कागदपत्रांची असते आणि लोक तिला हसतात, पण तिच्यापायी महिने वाया गेलेले पुष्कळ आहेत. सीपीएलसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय उत्तीर्ण असणे ही जुनी अट आहे. अभियंत्यांना ती आड येत नाही. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्यांनी मात्र नियमाची त्या दिवसाची स्थिती डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहावी आणि गरज पडल्यास मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पूर्ण करावेत. परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएकडून संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो आणि त्यासाठी बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि पारपत्रावर नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असेल, तर ते आधी एकसारखे करून घ्यावे.

यानंतर जी पायरी येते ती मला सर्वांत बोलकी वाटते. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान नियम आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा प्रत्येकी ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि विमानातून रेडिओवर संभाषण करण्याच्या परवान्याची परीक्षा वेगळी असते. हे विषय शिकण्यासाठी नोकरी सोडण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारचे वर्ग चालतात, ऑनलाइनही शिकता येते. नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून निदान दोन पेपर काढून दाखवावेत, असा नियम इच्छुकाने स्वतःवर घालून घ्यावा. वर्षभर पुस्तके घेतली आणि एकही पेपर दिला नाही, तर त्यातून जे कळते ते कोणत्याही समुपदेशकाच्या सल्ल्याहून नेमके असते. उलट, रात्री अकरा वाजता ढगांचे प्रकार आणि वाऱ्याचे त्रिकोण सोडवताना घड्याळ विसरायला होत असेल, तर पुढे जाण्याला आधार मिळाला असे समजावे. याच काळात एखाद्या उड्डाण संस्थेत जाऊन अर्ध्या-एक तासाचे परिचय उड्डाण घ्यावे. उन्हाळ्याच्या दुपारी, लहान सेसनामध्ये, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत विमान हेलकावे खाते तेव्हा पोटात काय होते, हे कल्पनेने कळत नाही.

आता कामाचे स्वरूप. आजच्या नोकरीतला कोणता भाग नकोसा झाला आहे, हे कागदावर लिहून काढावे आणि तोच भाग कॉकपिटात आहे का, ते पाहावे. वरिष्ठांचे नियंत्रण नको असेल, तर लक्षात घ्यावे की विमान कंपनीत पावलापावलावर ठरलेली कार्यपद्धती असते, तिच्यात स्वतःची बुद्धी चालवून सुधारणा करायला वाव जवळजवळ नसतो आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. अपुरी झोप आणि वेळापत्रक यांचा कंटाळा आला असेल, तर पहाटे पाचच्या विमानासाठी मध्यरात्रीनंतर लगेच उठावे लागते. डीजीसीएने थकव्यासंबंधीचे नियम कडक करून साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, यावरूनच हा प्रश्न किती खरा आहे ते दिसते. बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर, कोणता मिळेल हे कंपनी ठरवते. घर पुण्यात आणि बेस दिल्लीत, अशी वर्षे निघतात. गणपतीत आणि दिवाळीत सगळे जण प्रवास करतात, म्हणूनच तेव्हा वैमानिक कामावर असतो. ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेवरून मोजली जाते, आधीच्या अनुभवावरून नाही. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा कॅप्टन तुमच्याहून आठ वर्षांनी लहान असू शकतो आणि तुमच्या व्यवस्थापकपदाच्या दहा वर्षांचे त्याला काहीही वाटत नाही. हे सगळे वाचूनही मन मागे हटत नसेल, तर नोकरीपासून पळ काढण्यासाठी नव्हे, या कामासाठीच तुम्ही निघाला आहात असे मानायला हरकत नाही. वर्षा-दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, गाठून त्याचा मागच्या महिन्याचा रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, पाहावा. वीस वर्षांच्या अनुभवी कॅप्टनचे आयुष्य तुमच्या वाट्याला इतक्यात येणार नसते.

पैशाचा हिशेब मात्र सावकाश करावा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. ते फक्त शुल्क मोजतात. सीपीएलला किमान २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. भारतात यासाठी साधारण ५० लाखांपासून पुढे खर्च धरावा. त्यानंतर ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखे विशिष्ट विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, येते, जे स्वतःच्या खर्चाने करायचे झाल्यास आणखी १५ लाखांच्या आसपास जाते. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांमध्ये हे सर्व एकत्र येते, पण एकूण आकडा बहुधा एक कोटीच्या घरात पोहोचतो आणि त्यांची वयोमर्यादा तिशीच्या जरा अलीकडे-पलीकडे असते, त्यामुळे पस्तिशीच्या माणसासाठी ती वाट बंद असू शकते.

समजा, एखाद्याचे वय ३३ आहे, हातात दोन लाख येतात आणि घरखर्च एक लाख आहे. प्रशिक्षण, परीक्षा, टाइप रेटिंग आणि नोकरीची प्रतीक्षा मिळून तीन वर्षे जातील असे धरू. दोन वर्षांत सर्व आटोपते असे सांगणारी माहितीपत्रके असतात, पण विमान दुरुस्तीत असणे, प्रशिक्षकांची कमतरता आणि हवामान यांचा उल्लेख त्यांत नसतो. या तीन वर्षांचा घरखर्च ३६ लाख, शुल्क आणि टाइप रेटिंगचे मिळून ८० लाख, म्हणजे रोख गरज १ कोटी १६ लाखांची. शिवाय जी बचत झाली असती, ती ३६ लाखांची, झाली नाही. आता ८० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख १० हजार रुपये बसतो, आणि प्रशिक्षणाच्या काळातले व्याज मुद्दलात मिळवले तर त्याहूनही अधिक. नव्या फर्स्ट ऑफिसरला प्रशिक्षणाच्या महिन्यांत थोडेच विद्यावेतन मिळते. प्रवासी उड्डाणांवर रीतसर सोडल्यावर उत्पन्न वाढते, तरी आजच्या दोन लाखांच्या आसपास यायला वेळ लागू शकतो. त्यातून हप्ता आणि घरखर्च दोन्ही निघतात का, हे स्वतःच्या आकड्यांनी तपासावे. कॅप्टन झाल्यावर पगार मोठी उडी घेतो हे खरे आहे, पण त्यासाठीच्या एअरलाइन परवान्याला किमान १५०० तास लागतात, कंपन्या बहुधा अधिक मागतात आणि जागा रिकामी व्हावी लागते. तेहतिसाव्या वर्षी निघालेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर कॅप्टन होईल, असे धरून चालावे. निवृत्ती ६५व्या वर्षी असल्याने त्यानंतरही दोन दशके उरतात. म्हणूनच वय हे कारण पुढे करून सरसकट नकार देणाऱ्यांशी मी सहमत नाही; अडचण वयापेक्षा मधल्या दहा वर्षांची असते, जेव्हा मुलांच्या शाळा आणि आईवडिलांचे आजार एकदमच येतात.

माझ्या मते एक मर्यादा कडक पाळावी: आईवडिलांचे राहते घर तारण ठेवू नये. एवढ्या रकमेच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतातच, आणि या धंद्याचा इतिहास तारण ठेवणाऱ्याला निर्धास्त झोपू देणारा नाही. किंगफिशर २०१२मध्ये बंद पडली, जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९मध्ये थांबली, २०२०च्या टाळेबंदीत दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर होती आणि मे २०२३मध्ये गो फर्स्ट थांबली. त्याच २०२३ साली इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एवढ्या विमानांना वैमानिक लागणारच. मात्र विमाने कित्येक वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि 'वैमानिकांचा तुटवडा' या बातमीतला तुटवडा मुख्यतः अनुभवी कॅप्टनांचा असतो, २०० तासांचा कोरा परवाना घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांचा नव्हे. परवाना हाती आल्यावर नोकरी दीड वर्ष मिळाली नाही तर काय, याचे लेखी उत्तर तयार असावे. सॉफ्टवेअर, लेखापालन किंवा वैद्यकी जाणणाऱ्याला एक सोय आहे, जी अठरा वर्षांच्या मुलाला नसते: मधल्या काळात जुन्या कौशल्यावर अर्धवेळ कमाई करता येते. ती ओळखीपाळखी आणि कौशल्ये तीन वर्षे जिवंत ठेवावीत.

संस्था निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवून धावपट्टीजवळ एक दिवस काढावा. महाराष्ट्रात बारामती, शिरपूर, धुळे, गोंदिया येथे उड्डाण प्रशिक्षण चालते. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. ज्या संस्थेत जाल तिथल्या मुलांना एकच प्रश्न विचारावा: मागच्या तीन महिन्यांत तुझे किती तास झाले? महिन्याला पाच-सहा तास होत असतील, तर २०० तासांना किती वर्षे लागतील हे कोणालाही मोजता येते. उडण्याच्या स्थितीतली विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे गुणोत्तर पाहावे. डीजीसीएने २०२५पासून या संस्थांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही पाहावी. शुल्क एकरकमी भरू नये, टप्प्याटप्प्याने भरावे, आणि तसे घ्यायला तयार नसलेल्या संस्थेकडे पाठ फिरवावी. परदेशात तास लवकर होतात, पण परत आल्यावर परवान्याचे भारतीय रूपांतर करून घ्यावे लागते आणि त्यात पुन्हा परीक्षा येतात.

जोडीदाराशी बोलताना वरचा हिशेब छापून समोर ठेवावा. 'तुझी संमती आहे ना' असे विचारण्यापेक्षा 'तीन वर्षे आपण याच घरात, एका पगारावर राहू शकतो का, आणि माझा बेस दुसऱ्या शहरात पडला तर मुले कुठे असतील' असे विचारले, म्हणजे उत्तरही खरे मिळते.

वर्ग एकची पात्रता हाती आहे, निदान दोन पेपर उत्तीर्ण आहेत, रोख गरजेतला घरखर्चाचा भाग वेगळा काढलेला आहे आणि संस्थेतली जागा नक्की आहे, एवढे झाल्यावरच राजीनाम्याचा विषय काढावा. यांतले काही राहिले असेल, तर खासगी वैमानिकाचा परवाना हाही एक मार्ग आहे; त्याला ४० तास पुरतात, सुटी घेऊन टप्प्याटप्प्याने तो करता येतो आणि हौस म्हणून तो कमी दर्जाचा नाही. सर्व काही जुळले असेल, तर आधी कंपनीकडे बिनपगारी दीर्घ रजा मागून पाहावी. काही ठिकाणी ती मिळते. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र विमा नोकरीत असतानाच घ्यावा. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे पूर्ण व्हायला चार महिने उरले असतील, तर तेवढे थांबावे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रशिक्षणाची उड्डाणे तशीही मंदावतात, तेव्हा हे महिने पगार घेत उरलेल्या पेपरांना द्यावेत आणि नोटीस कालावधी असा बसवावा, की आकाश मोकळे होईल त्या ऑक्टोबरात तुम्ही धावपट्टीवर असाल.