किनाऱ्यावरचा खेकडा बडोद्याच्या घरात

द्वारकेजवळच्या शिवराजपूरच्या किनाऱ्यावरून परतताना आम्ही एकदा पाण्याच्या बाटलीत शंखातले तीन खेकडे भरून आणले होते. रात्रभराचा प्रवास करून पहाटे दांडिया बाजारातल्या घरी पोहोचलो आणि झाकण उघडले, तर कुजका वास आला आणि तिन्ही खेकडे शंखातून अर्धे बाहेर लोंबत होते. किनाऱ्यावरचे जीव घरच्या मत्स्यालयात ठेवता येतात का, असे कोणी विचारले की त्या बाटलीची आठवण होते, आणि बहुतेक जिवांच्या बाबतीत माझे उत्तर ‘नाही’ असेच असते.

पहिली अडचण कायद्याची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही शंख-शिंपले यांचा समावेश आहे. त्यामुळे सुंदर दिसला म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणेही गुन्हा ठरू शकते. जामनगरजवळचे पिरोटन बेट आणि नरारा हे भाग कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात मोडतात. तेथून काहीही उचलायचे नसते, रिकामा शंखसुद्धा नाही. इतर किनाऱ्यांवरही वनखात्याला विचारल्याशिवाय जीव उचलू नये.

दुसरी अडचण पोटाची. कालवे, खडकाला चिकटून राहणारे बार्नॅकल आणि स्पंज हे समुद्राच्या पाण्यातून गाळलेल्या सूक्ष्म अन्नावर जगतात. स्वच्छ टाकीत ते उपाशी राहतात, हळूहळू मरतात आणि सडून बाकीच्यांनाही मारतात. तारामासाही नवीन टाकीत क्वचितच तग धरतो. शंकूच्या आकाराचे काही शंख तर विषारी काटा मारतात, त्यामुळे आतला प्राणी जिवंत असल्यास त्यांना हात लावू नये.

उरतात ते भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले चिवट जीव, म्हणजे शंखातले खेकडे आणि निवटी ही मासळी. खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ भरतीत बुडताना पाहायला गेलेल्यांनी तिथल्या चिखलात उड्या मारणारी निवटी पाहिली असेल. गुजरातीत तिला लेवटा म्हणतात. ती जगते, पण तिला उथळ पाणी, वर चढायला उतार, दमट हवा आणि घट्ट झाकण लागते, आणि दोन नर एकत्र ठेवले तर ते भांडतात; पहिल्या प्रयत्नासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

खेकड्यासाठी आधी पाणी तयार करावे, जीव नंतर आणावा. साठ लिटरच्या टाकीला समुद्री मत्स्यालयाचे मीठ साधारण दोन किलो शंभर ग्रॅम लागते, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम पुरेसे नसतात. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओच्या यंत्राचे शुद्ध पाणी घेणे सोपे पडते. हायड्रोमीटरवर घनता २५ अंशांना १.०२५ च्या आसपास यावी.

त्यानंतरचे चार ते सहा आठवडे टाकीत जीव न सोडता फिल्टर चालू ठेवायचा आणि कोळंबीचा एक छोटा तुकडा कुजू द्यायचा. कुजण्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. चाचणीसंचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले, की मगच जीव आणावा. हा काळ कंटाळवाणा असतो, घरातले ‘रिकाम्या टाकीत काय बघता?’ असे विचारतात, पण तो टाळणाऱ्याच्या टाकीत खेकडे आठवडाभरही टिकत नाहीत.

बडोद्याचा उन्हाळा हे वेगळेच संकट आहे. पारा चाळिशीपार गेला की टाकीतले पाणीही तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याची हवा सोडावी. पंख्याने बाष्पीभवन वाढते, पण मीठ मागेच राहते; म्हणून कमी झालेले पाणी रोज साध्या, मीठ नसलेल्या पाण्याने भरावे. वीज गेल्यावर हवा सुरू राहावी म्हणून बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा. माशांची तांबेयुक्त औषधे मात्र खेकड्यांना मारतात.

आता प्रवासाबद्दल. बंद बाटलीत प्राणवायू संपतो आणि विष्ठेचा अमोनिया साचतो; आमचे खेकडे त्यानेच गेले. समुद्राच्या पाण्यात भिजवलेले सुती फडके रुंद, भोके पाडलेल्या डब्यात अंथरून त्यावर एक-दोन खेकडे ठेवावेत, कारण कल्ले ओले राहिले तर ते दमट हवेत बराच वेळ श्वास घेतात. डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये.

टाकीत मोठे होत जाणाऱ्या खेकड्याला शंखही मोठा लागतो, म्हणून दोन-तीन रिकामे शंख आत ठेवावेत. वाढताना तो कात टाकतो, आणि नवख्याला तळाशी पडलेली ती कात मेलेला खेकडाच वाटते. चिमट्याने उचलून पाहिल्यास ती पोकळ आणि कागदासारखी हलकी लागते. ती काढून टाकू नये; कॅल्शियमसाठी खेकडा ती स्वतःच खातो.