जॉयस्टिक चालत नाही म्हणून गेम पुन्हा इन्स्टॉल करताय? आधी या चुका टाळा

विमान उडवण्याच्या गेममध्ये जॉयस्टिक चालेनाशी झाली की बहुतेक जण पहिला घाव गेमवरच घालतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा डीसीएस वर्ल्डसारखा अवाढव्य गेम काढून टाकून पुन्हा उतरवून घेण्यात अख्खी रात्र जाते आणि सकाळी दोष जिथल्या तिथेच असतो. जॉयस्टिकचा संदेश आधी विंडोजकडे, तिथून वाटेत एखादा प्रोग्रॅम बसला असेल तर त्याच्याकडे आणि शेवटी गेमकडे पोहोचतो. तो नेमका कुठे अडतो हे शोधायचे तर तपासणी तळापासून वर करत जावी लागते.

म्हणून गेम बंद ठेवावा, विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबावीत आणि उघडलेल्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करावी. जोडलेल्या कंट्रोलरची यादी दिसेल. त्यातले आपले उपकरण निवडून प्रॉपर्टीज उघडल्यावर दांडा हलवताच चौकोनातली खूण हलते का आणि बटणांचे दिवे लागतात का, ते पाहावे. इथे सगळे सुरळीत असेल तर केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर यांच्यावरचा संशय बहुतांशी फिटतो. मात्र ही खिडकी पहिली 32 बटणेच दाखवते, त्यामुळे जास्त बटणांच्या थ्रॉटलची (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याची) उरलेली बटणे इथे दिसली नाहीत म्हणून ती बिघडली असे समजू नये.

यादीत उपकरणच नसेल, तर सर्वांत आधी वीज न मिळणारा यूएसबी हब मधून काढून केबल थेट संगणकाला जोडावी. थ्रस्टमास्टरच्या टी.फ्लाइट मालिकेतल्या हॉटास फोर आणि हॉटास वन या संचांवर पीसी आणि कन्सोल यांच्यात निवड करणारा छोटा खटका असतो. तो कन्सोलच्या बाजूला राहिला तर पीसीवरचा गेम संच ओळखत नाही किंवा भलतेच काही समजतो. जॉयस्टिक खेळता खेळता मध्येच गायब होऊन पुन्हा प्रकट होत असेल, तर विंडोज वीज वाचवण्यासाठी तो पोर्ट झोपवत असण्याची शक्यता मोठी. डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी. लॅपटॉपवर हा त्रास विशेष होतो.

विंडोजमध्ये सर्व ठीक आणि गेममध्ये काहीच नाही, असे असेल तर मधल्या मंडळींकडे वळावे. गेम स्टीमवरून घेतला असेल तर स्टीम इनपुट नावाची सोय कंट्रोलरला गेमपुढे एक्सबॉक्सच्या गेमपॅडसारखे उभे करू शकते. गेमपॅडसाठी ती उत्तम आहे, जॉयस्टिकसाठी बहुतेकदा अडचणीची. लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कंट्रोलर विभागात ती त्या गेमपुरती बंद करता येते. व्हीजॉय (आभासी जॉयस्टिक तयार करणारा प्रोग्रॅम) किंवा हिडहाइड पूर्वी कधी बसवले असेल तर तेही तपासावे, कारण हिडहाइडचे कामच मुळी खरे उपकरण गेमपासून लपवणे हे आहे. उपकरण गेम सुरू झाल्यानंतर जोडण्याची सवयही मोडावी. डीसीएसमध्ये उपकरणे पुन्हा शोधण्याचे बटण आहे, पण आधी जोडून मग गेम उघडणे केव्हाही बरे.

आता सर्वांत जास्त डोके खाणारा प्रकार. जॉयस्टिक ओळखली जाते, बटणे चालतात, पण विमान हवेत आले की कोणी कान धरून ओढल्यासारखे एका बाजूला कलंडते. डीसीएसमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे, हा गेम नवीन दिसलेल्या प्रत्येक उपकरणाचे अक्ष, म्हणजे दांडा वा पेडल हलण्याच्या दिशा, आपणहून पिच (नाक वर-खाली करणे) आणि रोल (पंख डावी-उजवीकडे कलवणे) या क्रियांना जोडून मोकळा होतो. जॉयस्टिकच्या बाबतीत ते बरोबर असते. पण पायांच्या पेडल्समध्ये डाव्या-उजव्या ब्रेकचे अक्ष बऱ्याचदा एक्स आणि वाय याच नावांनी नोंदलेले असतात, आणि न दाबलेला ब्रेक अक्षाच्या मध्यावर नसून एका टोकाला असतो. परिणामी पेडलला पायही न लावता गेमला पूर्ण रोल आणि पूर्ण पिचचा आदेश मिळत राहतो आणि आपण मात्र बिचाऱ्या जॉयस्टिकला दोष देतो. खात्री करायची असेल तर उड्डाणात उजवे कंट्रोल आणि एंटर दाबावे. पडद्यावर लाल चौकट येते आणि तिच्यात दांड्याची स्थिती दिसते. हात सोडूनही खूण कोपऱ्यात अडकलेली असेल, तर कंट्रोल्सच्या पानावर अक्षांची यादी उघडून पिच, रोल, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणे) आणि थ्रस्ट (इंजिनाचा जोर) या चार ओळी आडव्या वाचाव्यात आणि प्रत्येक ओळीत एकाच उपकरणाची नोंद ठेवून बाकीच्या पुसाव्यात. एफ/ए-18सीमध्ये केलेली ही साफसफाई ए-10सीला लागू होत नाही, कारण बाइंडिंग, म्हणजे कोणते बटण वा अक्ष कोणती क्रिया करतो ही नोंद, विमानागणिक वेगळे साठवले जाते. हे कंटाळवाणे आहे खरे, पण त्याला इलाज नाही.

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हाच गोंधळ टेबलावर विसरलेला गेमपॅड करतो. त्याच्या दांड्यांवरही विमानाची नियंत्रणे आधीपासून बसवलेली असतात. तो काढून ठेवावा किंवा त्याच्यासाठी रिकामे प्रोफाइल निवडावे.

दांडा पुढे ढकलला की नाक खाली जाते म्हणून ‘उलटे’ चालते असे समजून अक्ष फिरवून घेणारे नवखे बरेच असतात. खऱ्या विमानातही तसेच होते, तेव्हा पिच आहे तसा राहू द्यावा. थ्रॉटल मात्र डीसीएसमध्ये खरोखरच उलटा येऊ शकतो; तिथे अक्षाच्या ट्यूनिंगमध्ये इन्व्हर्ट वापरणे योग्यच.

डेडझोनचा, म्हणजे मध्याजवळच्या हालचालीकडे दुर्लक्ष करायला लावणाऱ्या सेटिंगचा, आसरा उठसूट घेणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी सवय आहे. जुन्या जॉयस्टिकमध्ये दांड्याची स्थिती घासत्या संपर्काने मोजणारे पोटेन्शिओमीटर असतात, ते झिजतात, त्यांत धूळ बसते आणि स्थिर दांड्याचीही खूण थरथरते. मोठा डेडझोन दिला की थरथर दिसेनाशी होते, पण दांड्याची मधली हालचालही निकामी होते. मग हवेत इंधन भरताना किंवा धावपट्टीच्या रेषेत येताना बारीक दुरुस्ती करताच येत नाही. आधी कॅलिब्रेशन, म्हणजे अक्षांची टोके आणि मध्य नव्याने ठरवणे, करून पाहावे. एक्स-प्लेन या गेममध्ये त्यासाठी जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये सोय आहे, फक्त प्रत्येक अक्ष दोन्ही टोकांपर्यंत न्यायला विसरू नये. त्यानंतरही विंडोजच्या खिडकीत थरथर राहिली तर दोष यंत्रात आहे, सेटिंगमध्ये नाही. पुढची खरेदी करताना चुंबकाच्या साहाय्याने स्थिती मोजणारा हॉल इफेक्ट सेन्सर असलेली जॉयस्टिक घ्यावी. त्या सेन्सरमध्ये घासणारे भाग नसतात, थ्रस्टमास्टरची टी.16000एम हे त्याचे परिचित उदाहरण.

एवढे सगळे जुळवल्यावर यूएसबी पोर्ट बदलू नयेत. पोर्ट बदलला की विंडोज तेच उपकरण नवे मानू शकते आणि गेममधले बाइंडिंग नाहीसे झाल्यासारखे वाटते. डीसीएसची नोंद सेव्ह्ड गेम्सच्या आत डीसीएस, कॉन्फिग, इनपुट या फोल्डरांमध्ये जुन्या ओळखक्रमांकाच्या फाइलमध्ये शाबूत असते. तिची प्रत काढून तिला नव्या क्रमांकाचे नाव दिले की बाइंडिंग परत मिळते. इनपुट फोल्डरची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवावी आणि प्रत्येक केबलवर पोर्टचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावावी.