वानरं आणि माकडं एकाच आवारात ठेवायची तर

आराखडा काढणारे आधी विचारतात, "किती गुंठे जागा?" मी २४ वर्षं प्राणिसंग्रहालयात कीपर होतो. माझा पहिला प्रश्न असतो, हुप्प्या, म्हणजे काळ्या तोंडाच्या वानरांचा दांडगा नर, मागं लागला तर माकडीण पळणार कुठून?

एका आवाराला काटकोनी कोपरा होता. हुप्प्यानं माकडिणीला त्यात कोंडलं आणि तिचा दंड फाडला. टाके पडले, भूल उतरेपर्यंत मी तिच्याजवळ बसून होतो. नंतर आम्ही तो कोपरा गोल करून घेतला. नर वानर १५-१६ किलोंचं भरतं, माकडीण जेमतेम ४ किलोंची. म्हणून मधल्या आडोशाच्या भिंतीत अशी खिडकी हवी की माकडीण निघून जाईल आणि हुप्प्याचे खांदे अडतील. तिचं माप कागदावर ठरवू नका. खोक्याला भोक पाडा, पलीकडं शेंगदाणे ठेवा आणि बघा. अशा खिडक्या दोन तरी ठेवा, एकीच्या तोंडाशी हुप्प्या बसून राहतो.

टोपीसारखे केस असलेलं लांब शेपटीचं माकड वानरांसोबत ठेवता येतं. पण त्यात उत्तरेकडचं आखूड शेपटीचं लाल माकड मिसळू नका, दोन्ही माकडांचा आपसात संकर होतो.

वानर आडवी उडी साडेचार मीटरपर्यंत घेतं, उंचावरून झेपावलं तर दहा मीटरच्याही पुढं जातं. उघड्या आवारात कुंपणाकडं झुकलेल्या फांद्या दर पावसाळ्यानंतर छाटाच. आणि पाण्याच्या खंदकावर भिस्त नको. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्याकडं खंदक आटला की तीच पळवाट होते. कोरडा, खोल खंदक बरा.

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा लोखंडी पाइपांवर तळवे भाजतात. चढायला बाभळीचे ओंडके लावा, अग्निशमन दलाचे जुने होज विणून झोळ्या बांधा. सावलीला वड, उंबर, चिंच असावीत. कोवळ्या रोपांना पहिली काही वर्षं जाळी घाला, नाहीतर पानं खाऊन वानरं ती बोडकी करतात.

खाणं एकाच गव्हाणीत कधीही ठेवू नका. माकडं गालांच्या पिशव्या भरून घेतात आणि वानरं मागं राहतात. शिवाय वानराचं पोट कप्प्यांचं असतं, पाला त्यात आंबून पचतो. गोड फळं, पोळ्या जास्त झाल्या की पोट फुगतं. पाल्याच्या जुड्या उंचावर टांगा, माकडांचे दाणे खाली पाचोळ्यात पसरा. प्रत्येक गटाला तीन-चार ठिकाणी खायला मिळावं.

गाठ घालायची घाई नको. रात्रीच्या खोल्या शेजारी ठेवून मध्ये जाळी असू द्या आणि काही आठवडे दोघांना एकमेकांचा वास घेऊ द्या. मग आवारात आधी एकटी माकडं सोडा. त्यांना खिडक्या, ढोल्या पाठ झाल्या की वानरांच्या माद्या सोडा. हुप्प्या सगळ्यात शेवटी, सकाळच्या गारव्यात, खोल्यांची दारं उघडी ठेवून, आणि पहिले काही दिवस दिवसभर तिथं माणूस उभा करून.